मोटारगाडीतील विजेचा जमाखर्च

घरातील विजेचा हिशेब मीटर ठेवतो आणि महिनाअखेरीस त्याचे बिल हाती पडते. मोटारगाडीत असा मीटर नसतो. तेथे बिल येते ते निराळ्या रूपाने. एके सकाळी किल्ली फिरवावी तो इंजिन हलत नाही. किंवा रात्रीच्या प्रवासात पुढील दिव्यांचा प्रकाश मंदावत जातो. किंवा डॅशबोर्डाच्या मागून जळक्या रबराचा वास येऊ लागतो. या तिन्ही आपत्तींच्या मुळाशी पुष्कळदा एकच उणीव असते : गाडीतील कोणते उपकरण किती विद्युत्प्रवाह घेते, याचा अंदाज कोणी केलेला नसतो. हा अंदाज करण्यास फार मोठे गणित लागत नाही. शाळेत शिकलेला गुणाकार व भागाकार त्याला पुरतो. मात्र भागाकार कशाला कशाने करावयाचा आणि उत्तराचा अर्थ काय लावावयाचा, हे समजून घेतले पाहिजे.

प्रवाह ‘खेचला’ जातो

गॅरेजमधील कारागीर ‘हा दिवा पाच अँपियर खेचतो’ असे म्हणतात. या बोलीत शास्त्र आहे. बॅटरी आपल्याजवळील सर्व वीज उपकरणात ढकलीत नाही. उपकरण आपल्या रोधाप्रमाणे तिच्याकडून हवा तेवढाच प्रवाह घेते. म्हणून अधिक क्षमतेची बॅटरी बसविली तर दिवे जळतील, ही भीती निराधार आहे. दाब तोच असेल तर दिवा पूर्वीइतकाच प्रवाह घेईल.

उंचावरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. टाकीची उंची म्हणजे दाब, नळातून वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपियरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले असता प्रवाह मिळतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली मांडला. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे उपकरणाची शक्ती वॅटमध्ये मिळते. उलटपक्षी, वॅटला व्होल्टने भागले की अँपियर हाती येतात. आपला सारा हिशेब या एका भागाकारावर उभा आहे.

दिव्याच्या बुडाशी ‘१२ व्होल्ट, ५५ वॅट’ असे कोरलेले असते. ५५ ला १२ ने भागले की सुमारे ४·६ अँपियर येतात. येथे चिकित्सक वाचक एक शंका काढील. इंजिन चालू असताना गाडीतील दाब १२ नसून साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतो. मग भागाकार साडेतेराने का करू नये? तसे केल्यास उत्तर ४·१ येईल आणि ते खऱ्यापेक्षा कमी असेल. याचे कारण असे की, तंतूच्या दिव्यावरील दाब वाढला की प्रवाहही वाढतो आणि त्याची शक्ती ५५ वॅटवर थांबत नाही. म्हणून अशा दिव्यांसाठी बाराने भागावे, हेच सुरक्षित. विद्युन्मंडलाने नियंत्रित केलेल्या उपकरणांचे वर्तन याच्या उलट असते. भ्रमणध्वनी भारित करण्याचे साधन किंवा एलईडी दिव्याचे नियंत्रक मंडल ठरावीक शक्ती घेते. दाब उतरला की ते अधिक प्रवाह खेचते. बाराने भागण्याचा नियम त्यांनाही सोयीचा आहे, कारण चुकलेच तर उत्तर थोडे जास्त येते. आणि तारेच्या बाबतीत जास्तीचा अंदाज कमीच्या अंदाजापेक्षा केव्हाही बरा.

बेळ्ळंदूरची पावसाळी सायंकाळ

हिशेबासाठी एक कठीण प्रसंग घेऊ. बंगळूरच्या आग्नेय भागात शहरातील सर्वांत मोठा तलाव आहे. त्याच्या काठचे बेळ्ळंदूर हे गाव आता कचेऱ्यांनी व उंच इमारतींनी वेढले गेले असून, सिल्क बोर्ड चौकाकडून कृष्णराजपुरमकडे जाणारा आउटर रिंग रोड त्याला लागून जातो. कचेऱ्या सुटण्याची वेळ, वरून पाऊस आणि समोर गाड्यांची न हलणारी रांग हा येथील परिचित देखावा आहे. मोटारीच्या विद्युत्-व्यवस्थेची इतकी कठोर परीक्षा मोकळ्या महामार्गावर कधी होत नाही.

लहान पेट्रोल गाडी अशा रांगेत उभी आहे असे समजा. तिच्यातील उपकरणांचा खर्च उदाहरणादाखल असा मांडता येईल :

इंजिनाचे प्रज्वलन, इंधनाचा पंप व नियंत्रक मंडल — १० अँपियर
पुढील दोन दिवे, प्रत्येकी ५५ वॅट — ९·२ अँपियर
बाजूचे, मागचे, क्रमांकपट्टीचे व डॅशबोर्डाचे दिवे, एकूण ३० वॅट — २·५ अँपियर
ब्रेकचे दोन दिवे, प्रत्येकी २१ वॅट — ३·५ अँपियर
वायपर — ४ अँपियर
आतील हवेचा पंखा — १० अँपियर
वातानुकूलनाचा क्लच — ४ अँपियर
रेडिएटरचा पंखा, १२ अँपियर, परंतु निम्मा वेळच चालू — सरासरी ६ अँपियर
मागील काचेवरील तापक, १३० वॅट — ११ अँपियर
वळण दर्शविणारे दिवे, लुकलुकत असल्याने निम्मा वेळ — २ अँपियर
रेडिओ व भ्रमणध्वनी — २ अँपियर

बेरीज ६४ अँपियरच्या थोडी वर जाते. या यादीत दोन ठिकाणी ‘निम्मा वेळ’ धरला आहे, तो मुद्दाम. जे उपकरण मधूनमधून चालते, त्याचा बॅटरीवरील भार काढताना सरासरी घ्यावी. पण त्याची तार व वितळतार ठरविताना मात्र पूर्ण प्रवाहच धरला पाहिजे. रेडिएटरच्या पंख्याची तार चालू वेळी १२ अँपियर वाहते. ती ‘सरासरी सहा’ जाणत नाही. हा भेद नजरेआड झाला की हिशेब बरोबर येऊनही गाडी बिघडते.

जमेची बाजू

खर्च कळला, आता जमा पाहू. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र, ज्याला सर्वत्र आल्टरनेटर म्हणतात, ते गाडीची वीज निर्माण करते. त्यावर ७० अँपियर असा आकडा असला तर ६४ चा खर्च सहज भागेल, असे वाटेल. परंतु तो आकडा जनित्र वेगाने फिरत असतानाचा असतो. रांगेत इंजिन मिनिटास सातशे-आठशे फेऱ्यांवर मंद चालत असते, तेव्हा त्याच जनित्राकडून पुष्कळ कमी प्रवाह मिळतो. तो आपण ४० अँपियर धरू. म्हणजे २४ अँपियरची तूट पडली. ही तूट बॅटरी भरून काढते.

लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. ३५ ला २४ ने भागले तर जवळजवळ दीड तास येतो. पण या उत्तरावर विसंबणे धोक्याचे आहे. ३५ अँपियर-तास ही क्षमता बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळते. प्रवाह मोठा असेल तर तीच बॅटरी त्या मानाने लवकर दमते. शिवाय शिशाच्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक भार वारंवार काढला तर तिच्या पट्ट्यांचे आयुष्य घटते, आणि पुन्हा इंजिन चालू करण्यापुरती वीज शिल्लक ठेवावी लागते. म्हणून निम्मी क्षमताच उपयोगाची समजावी. साडेसतरा भागिले चोवीस, म्हणजे सुमारे पाऊण तास. अशा रांगेत पाऊण तास अडकणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे.

उपाय मात्र चालकाच्या हाती आहे. काच स्वच्छ झाल्यावर मागील तापक बंद केला की ११ अँपियर वाचतात. आतील पंखा खालच्या वेगावर आणला की आणखी ६ वाचतात. गाडी पूर्ण थांबली असता हाताचा ब्रेक लावून पाय काढला की ब्रेकच्या दिव्यांचे ३·५ वाचतात. एवढ्याने तूट २४ वरून ३·५ अँपियरवर येते आणि पाऊण तासाचे पाच तास होतात. पुढचे दिवे व वायपर यांना मात्र हात लावू नये. ती काटकसर जिवावर बेतणारी आहे.

क्षणाचा खर्च आणि दिवसांचा खर्च

गाडीतील सर्वांत मोठा प्रवाह स्टार्टर खेचतो. लहान इंजिनालाही सुमारे १५० अँपियर लागतात, आणि पहिल्या क्षणी त्याहून कितीतरी अधिक. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने बनविलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर बसविण्यात आला. इंजिन फिरविण्याइतकी बलवान मोटर गाडीत मावणारच नाही, असा तोपर्यंत समज होता. केटरिंगने पूर्वी दुकानातील रोकडयंत्रांसाठी विजेची मोटर तयार केली होती. काम क्षणभराचेच असेल तर लहान मोटरीकडूनही मोठा भार उचलवून घेता येतो, हे तो जाणून होता. ती तापण्यापूर्वीच काम संपलेले असते.

वेळेचा हा गुण हिशेबातही दिसतो. १५० अँपियर प्रवाह दोन सेकंद वाहिला तर जेवढा विद्युत्भार खर्च होतो, तेवढाच ब्रेकचे दोन दिवे सुमारे दीड मिनिट लावल्याने होतो. प्रवाहाचा आकडा मोठा म्हणून खर्चही मोठा, असे समजू नये. उलट लहान आकडा दीर्घकाळ चालला तर तो बॅटरी रिकामी करतो. सामानाच्या कप्प्यातील पाच वॅटचा दिवा विझला नाही तर तो ०·४२ अँपियर घेतो. साडेसतरा अँपियर-तास संपण्यास ४२ तास, म्हणजे दोन दिवसही लागत नाहीत.

किल्ली काढून घेतल्यावरही गाडी पूर्णपणे झोपत नाही. घड्याळ, चोरीची सूचना देणारे यंत्र, दूरनियंत्रक कुलपाचा ग्राहक हे जागेच असतात. त्यांचा एकूण प्रवाह ०·०३ अँपियर धरला तर दिवसाला ०·७२ अँपियर-तास जातात आणि चोवीस-पंचवीस दिवसांत बॅटरी निम्मी होते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा इमारतींच्या तळघरांत गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि पुढे अनेकांच्या बॅटऱ्या निकामी झाल्याचे आढळले. त्यात गूढ काहीच नव्हते. अँपियरचे शंभरावे हिस्से दिवसांच्या संख्येने गुणले गेले होते.

तारेची जाडी

येथवर वीज पुरेल की नाही, एवढाच प्रश्न होता. आता आगीचा प्रश्न येतो.

पुष्कळ मालक गाडीला पुढे दोन जादा दिवे लावून घेतात. ते प्रत्येकी १०० वॅटचे असले तर दोन्ही मिळून १६·७ अँपियर खेचतील. आता एखाद्याने बॅटरीपासून डॅशबोर्डावरील बटनापर्यंत आणि तेथून दिव्यांपर्यंत एक चौरस मिलिमीटर छेदाची पाच मीटर तार नेली असे समजा. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०·०१७ ओहम असतो. पाच मीटरांचा ०·०८६ ओहम धरू. प्रवाहाने गुणले असता १·४ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. तंतूच्या दिव्यावरील दाब एक दशांशाने घटला तर त्याचा प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे शंभर वॅटचे दिवे घेऊनही प्रकाशाचा तिसरा हिस्सा तारेने खाल्ला.

आणि तो गेला कोठे? तारेच्या उष्णतेत. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने १८४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. येथे ती २४ वॅट होते. उघड्या हवेत तार ती सहन करील. पण इतर तारांबरोबर पट्टीने करकचून बांधलेल्या जुडग्यात, इंजिनाच्या शेजारी, तिचे आवरण मऊ होऊन कधी वितळेल याचा नेम नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच उष्णता दहा वॅटच्या आत येते. त्याहून उत्तम मार्ग रिलेचा. डॅशबोर्डावरील बटनाने केवळ रिलेची वेटोळी चालवावी, तिला अँपियरचा अल्प अंश पुरतो. आणि दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीजवळच्या रिलेतून दोन मीटर जाड तारेने न्यावा. मग दाबाची घट पाव व्होल्टच्याही आत राहते.

परतीचा मार्गही विसरता कामा नये. गाडीत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रवाह पत्र्यातून परत येतो. कारागीर याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. गंजलेल्या स्क्रूखाली बांधलेली परतीची तार असेल तर बाकी सारी व्यवस्था निर्दोष असूनही दिवा मंद जळेल.

वितळतार कोणाचे रक्षण करते?

वितळतार, म्हणजे फ्यूज, उपकरणाचे रक्षण करते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती तारेचे रक्षण करते. तार जेवढा प्रवाह न तापता वाहू शकते, त्याहून कमी प्रवाहाला वितळतार तुटली पाहिजे. त्याच वेळी नित्याच्या प्रवाहाला ती तुटता कामा नये. म्हणून सततचा प्रवाह तिच्या आकड्याच्या पाऊणपटीहून अधिक ठेवीत नाहीत. एका ५५ वॅटच्या दिव्याला ४·६ अँपियर लागतात, तेव्हा पाचची वितळतार अपुरी व दहाची योग्य. वर सांगितलेल्या जादा दिव्यांच्या १६·७ अँपियरना पाऊणने भागले की बावीसच्या वर आकडा येतो. म्हणून पंचवीसची वितळतार घ्यावी, पण तार तो प्रवाह पेलणारी आहे अशी खात्री करूनच.

चपट्या पात्यांच्या वितळतारांना आकड्याप्रमाणे रंग दिलेले असतात : पाचला फिकट बदामी, दहाला लाल, पंधराला निळा, वीसला पिवळा, तिसाला हिरवा. लाल तुटली म्हणून हिरवी बसविणारा मनुष्य रोग बरा करीत नाही. तो दुखणे सांगणारी जीभ कापून टाकतो. पुढच्या वेळी वितळतारेऐवजी तार वितळेल.

थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे दिवा लावताक्षणी प्रवाह अनेक पटींनी उसळतो. तरीही वितळतार तुटत नाही, कारण ती तापण्यास जो वेळ लागतो त्याच्या आतच तंतू तापून प्रवाह खाली आलेला असतो.

परंतु एका शत्रूपुढे वितळतार हतबल आहे. सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०·१ ओहम असला तरी १६·७ अँपियरला तेथे जवळजवळ २८ वॅट उष्णता एका बिंदूवर साठते. प्रवाह मात्र वाढत नाही, किंबहुना थोडा घटतोच. त्यामुळे वितळतारेला काही कळत नाही. सप्टेंबर २०२२ च्या आरंभी अतिवृष्टीने बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता व आउटर रिंग रोडचा परिसर जलमय झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. पाण्यात बुडालेली गाडी वरून वाळली तरी तिच्या जोडांत गाळ व ओल राहते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. तो थर म्हणजेच नवा रोध. अशी गाडी किल्ली फिरवून पाहू नये. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि जोड उघडून, धुऊन, वाळवून तपासून घ्यावेत. त्या पुराचे काही परिणाम पाणी ओसरल्यावर, महिन्यांनी उघडकीस येण्यासारखे होते ते यामुळेच.

अंदाज ताडून पाहावा

कागदावरील अंदाज मोजमापाने पडताळावा. तारेभोवती चिमट्याप्रमाणे बसणारा क्लँप मीटर यासाठी उत्तम. तार तोडावी लागत नाही. सरळ प्रवाह मोजणारा क्लँप मीटर निवडावा, कारण घरगुती विजेसाठीचे काही मीटर बॅटरीचा प्रवाह दाखवीत नाहीत. साधा मल्टिमीटर मंडलात जोडावयाचा तर त्याची मर्यादा बहुधा १० अँपियर असते, हे ध्यानात ठेवावे आणि तो जोडलेला असताना स्टार्टर चुकूनही चालवू नये. अंदाज व माप यांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक स्वाभाविक आहे. फरक दुपटीचा असला तर कोठेतरी दोष आहे असे समजावे : प्रवाह अधिक असेल तर मोटर अडकते आहे किंवा आवरण फाटून प्रवाह गळतो आहे, कमी असेल तर जोड बिघडला आहे.

दाब वाढविण्याची युक्ती

तेच काम कमी प्रवाहात करावयाचे तर दाब वाढविणे हा राजमार्ग आहे. पूर्वीच्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. त्यांत ५५ वॅटचा दिवा ९·२ अँपियर घेई. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बहुतेक कारखान्यांनी १२ व्होल्टचा स्वीकार केला. प्रवाह निम्मा झाला आणि त्याच तारेतील उष्णता चतुर्थांशावर आली.

बंगळूर शहराचा या विद्येशी जुना संबंध आहे. किर्लोस्कर घराण्याने १९४६ साली येथे विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. नाशिककरांना परिचित असलेली ‘मायको’ कंपनी मूळची बंगळूरच्या आडुगोडी भागातील. आणि २००१ साली येथेच ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी गाडी विक्रीस आली. तिच्यात ६ व्होल्टच्या आठ शिसे-बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्टचा दाब मिळविलेला होता. अशा गाडीची मोटर चढावर दहा किलोवॅट शक्ती घेत असेल तर आपल्या भागाकाराप्रमाणे तो प्रवाह २०८ अँपियर होतो. आजच्या विजेच्या गाड्यांत दाब ३०० ते ४०० व्होल्ट असतो. ४०० व्होल्टला तीच शक्ती २५ अँपियरमध्ये मिळते. मात्र इतका दाब प्राणघातक असल्याने नारिंगी आवरणाच्या त्या तारांना शिकलेल्या कारागिराखेरीज कोणीही स्पर्श करू नये. दिवे, वायपर व भोंगा यांच्यासाठी मात्र या नव्या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी कायम आहे, त्यामुळे वरील सर्व हिशेब तिलाही लागू पडतो.

शाळेतील विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिव्यांचे वॅट व वितळतारांचे आकडे छापलेले असतात. प्रत्येक दिव्याचे अँपियर काढावेत, त्याच्या वितळतारेशी ताडून पाहावेत आणि पुस्तिकेत लाल असलेल्या जागी गाडीत हिरवी तर बसलेली नाही ना, एवढे वडीलधाऱ्यांसह पाहून घ्यावे. अर्ध्या तासाच्या या अभ्यासाने एखादी गाडी, आणि क्वचित तिच्यातील माणसेही, वाचू शकतात.